पॅकेज बनवताना डिफॉल्ट कॉन्फिग फाइल कशी हाताळायची, युजरने केलेले बदल न घालवता

मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने डेब पॅकेज (डेबियन, उबंटू या लिनक्सवर प्रोग्रॅम बसवायची फाइल) बनवलं तेव्हा त्यात एकच छोटी सर्व्हिस होती, डिस्क किती भरली त्यावर लक्ष ठेवायची आणि ठरलेल्या टक्क्यांच्या वर गेली की मेल पाठवायची. इथे तिला आपण पहारा म्हणू, उदाहरणं द्यायला सोपं जाईल. कॉन्फिग फाइल /इटीसी/पहारा/पहारा.कॉन्फ, आत जेमतेम ८ ओळी. टीममधल्या ॲडमिनने त्यात मेलचे पत्ते टाकले, मर्यादा ९० ची ८० केली, छान चाललं होतं. मग मी १.१ वरून १.२ काढलं, सगळ्या सर्व्हरवर अपग्रेड झालं, एकही एरर नाही, सर्व्हिस चालू दिसतेय, आणि ताकास तूर लागू न देता पहारा.कॉन्फ माझ्या डिफॉल्टवर परत गेली होती. मेल रूटच्या लोकल मेलबॉक्समध्ये जात राहिले, जो कोणीच उघडत नव्हतं, आणि चौथ्या दिवशी एका सर्व्हरची डिस्क गच्च भरून डेटाबेस थांबला तेव्हा कळलं. कमी काय पडलं होतं, तर पॅकेजमधली एक ओळ.

तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की धरलीय, कॉन्फिग फाइल पॅकेजमधून जाते तोपर्यंत ती आपली, युजरने तिच्यात एक अक्षर जरी बदललं की ती त्याची, आणि त्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या एवढ्यासाठीच आहेत. कमांड, पाथ, फाइलची नावं मी देवनागरीत लिहिलीत, टर्मिनलवर अर्थातच ती रोमन अक्षरांत टाकायची.

पायरी १: कुठली फाइल खरंच कॉन्फिग आहे ते आधी वेगळं काढा

पॅकेजमध्ये जाणाऱ्या सगळ्या फाइल्सची यादी काढा आणि प्रत्येक फाइलला एकच प्रश्न विचारा, ही फाइल त्या मशीनच्या मालकाने बदलणं अपेक्षित आहे का? हो असेल तर ती कॉन्फिग, तिची जागा /इटीसी मध्ये. नाही असेल तर ती /यूएसआर मध्ये जाऊ दे, मग तिचं एक्सटेन्शन .कॉन्फ असो नाहीतर .यॅमल. टेम्प्लेट, भाषांतराच्या फाइल्स, आयकॉन, डेटाबेस स्कीमा, या कॉन्फिगसारख्या दिसतात पण त्या प्रोग्रॅमचा भाग आहेत, त्या दर व्हर्जनला बदलायलाच हव्यात. त्या चुकून /इटीसी मध्ये ठेवल्या तर एखाद्याने उत्सुकतेपोटी एक स्पेस जरी बदलली तरी पुढच्या वेळी नवीन टेम्प्लेट लागणारच नाही, आणि नवा प्रोग्रॅम जुन्या टेम्प्लेटवर आपटेल.

उलट्या बाजूने, प्रोग्रॅम चालताना स्वतः जे लिहितो, म्हणजे कॅश, शेवटचं स्टेट, काउंटर, ते /व्हीएआर/लिब किंवा /व्हीएआर/कॅश मध्ये. हे कॉन्फिगमध्ये मिसळलं की प्रोग्रॅम स्वतःच फाइल बदलत राहतो आणि पॅकेज मॅनेजरला, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमला, वाटतं युजरने बदलली.

आणि युजरच्या होम फोल्डरला पॅकेजने कधीच हात लावायचा नाही. तिथली फाइल प्रोग्रॅमने पहिल्यांदा चालताना गरज असेल तर स्वतः बनवावी.

पायरी २: कॉन्फिग फाइल नसली तरी प्रोग्रॅम चालला पाहिजे

हे पॅकेजिंगच्या आधीचं काम आहे, पण पुढचे निम्मे त्रास इथेच मिटतात म्हणून सांगतो. प्रत्येक सेटिंगची डिफॉल्ट व्हॅल्यू कोडमध्येच असू दे, फाइलमध्ये फक्त ज्याला बदलायचं त्याने बदलायचं. कारण युजरची जुनी फाइल जपायची म्हटलं की नव्या व्हर्जनला जुन्या फाइलवर चालावं लागणार हे ओघाने आलंच. १.३ मध्ये तुम्ही रीट्राय_संख्या अशी नवीन की (म्हणजे सेटिंगचं नाव) आणली आणि युजरच्या फाइलमध्ये ती नाही, तर प्रोग्रॅमने ३ धरून पुढे जायचं, ती की सापडली नाही म्हणून बंद पडायचं नाही. अनोळखी की दिसली तर लॉगमध्ये वॉर्निंग द्या, तिथेच थांबू नका. कीचं नाव बदललं असेल तर जुनं नाव निदान काही व्हर्जन चालू ठेवा आणि लॉगमध्ये स्पष्ट लिहा की अमुक नाव आता तमुक झालंय.

ज्या फाइलशिवाय प्रोग्रॅम उठतच नाही अशी फाइल पॅकेज करणं फार अवघड जातं, मी दोन्ही करून बघितलंय.

पायरी ३: फाइल कॉन्फिग आहे हे पॅकेज मॅनेजरला सांगा

माझं घोडं इथेच पेंड खाल्लं होतं. फाइल नुसती /इटीसी मध्ये ठेवली म्हणून पॅकेज मॅनेजर तिला आपोआप कॉन्फिग मानेल असं नाही.

डेबियन, उबंटू आणि त्यांच्या घराण्यात या फाइल्सना कॉन्फफाइल म्हणतात. तुम्ही डेबहेल्पर या डेब बांधायच्या संचातली नेहमीची टूल्स वापरून पॅकेज बांधत असाल तर /इटीसी खालच्या सगळ्या फाइल्स आपोआप कॉन्फफाइल म्हणून नोंदल्या जातात, काही करावं लागत नाही. पण फोल्डर रचून थेट डीपीकेजी-डेब ने पॅकेज बांधलं, जसं मी केलं होतं, तर डेबियन (सगळी अक्षरं कॅपिटल) नावाच्या कंट्रोल फोल्डरमध्ये कॉन्फफाइल्स नावाची साधी टेक्स्ट फाइल स्वतः ठेवावी लागते, दर ओळीला एक पूर्ण पाथ:

/इटीसी/पहारा/पहारा.कॉन्फ

बस, एवढंच. फक्त फाइल्स लिहायच्या, फोल्डर नाही, आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर द्यायला विसरू नका. ही नोंद नसेल तर डीपीकेजीच्या, म्हणजे डेबियनच्या पॅकेज मॅनेजरच्या, लेखी ती इतर फाइल्ससारखीच एक फाइल, अपग्रेडला जुनी जाते नवी येते, कोणाला विचारायचा प्रश्नच नाही.

नोंद असेल तर काय होतं ते जरा सावकाश बघा, कारण हे डोक्यात बसलं की बाकीचं सगळं उलगडतं. डीपीकेजीकडे तीन गोष्टी असतात: मागच्या पॅकेजमधून आली तेव्हाच्या फाइलचा एमडी५ हॅश (मजकुरावरून काढलेली छोटी खूण, एक अक्षर बदललं तरी बदलते), जो त्याने स्वतःच्या स्टेटस फाइलमध्ये लिहून ठेवलेला असतो, आत्ता डिस्कवर असलेल्या फाइलचा हॅश, आणि नवीन पॅकेजमधल्या फाइलचा हॅश. युजरने बदललं नाही पण तुम्ही बदललं तर नवीन फाइल गुपचूप बसते. युजरने बदललं पण तुम्ही नाही, तर युजरची तशीच राहते, कोणी काही विचारत नाही. दोघांनीही बदललं आणि बदल वेगवेगळे आहेत, तेव्हाच तो ओळखीचा प्रश्न स्क्रीनवर येतो: वाय किंवा आय दाबलं तर पॅकेजची फाइल, एन किंवा ओ दाबलं तर आपली, डी ने फरक दिसतो, झेड ने शेल उघडतो. नुसतं एंटर मारलं तर आपलीच राहते. आपली ठेवली तर नवीन फाइल शेजारी .डीपीकेजी-डिस्ट नावाने मिळते, नवीन घेतली तर आपली जुनी .डीपीकेजी-ओल्ड नावाने राहते, म्हणजे कुठल्याही बाजूने काही हरवत नाही.

आणखी एक, युजरने फाइल डिलीट केली असेल तर तोही बदलच धरला जातो. अपग्रेडला ती परत उगवत नाही, परत हवी असेल तर फोर्स-कॉन्फमिस हा ऑप्शन द्यावा लागतो. मला हे पहिल्यांदा विचित्र वाटलं होतं पण विचार केला तर बरोबर आहे, क्रॉनची (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीची) एखादी फाइल कोणी मुद्दाम काढून टाकली असेल तर ती दर अपग्रेडला परत येऊन कशी चालेल.

फेडोरा, रेड हॅट, सुसे या आरपीएमवाल्यांकडे स्पेक फाइलच्या, म्हणजे पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइलच्या, फाइल्स विभागात लिहायचं असतं. इथे प्रश्न विचारणं हा प्रकारच नाही, आरपीएम इन्स्टॉल करताना कोणाशी बोलत नाही, त्यामुळे दोघांनीही बदल केले असतील तर काय करायचं हे तुम्हाला आधीच ठरवून द्यावं लागतं. नुसतं %कॉन्फिग लिहिलं तर तुमची नवीन फाइल बसते आणि युजरची .आरपीएमसेव्ह नावाने बाजूला जाते. %कॉन्फिग(नोरिप्लेस) लिहिलं तर युजरची जागच्या जागी राहते आणि तुमची .आरपीएमन्यू नावाने शेजारी ठेवली जाते. माझं मत विचाराल तर डोळे मिटून नोरिप्लेस. नुसत्या %कॉन्फिग मध्ये बदल हरवत नाहीत हे खरं, पण सर्व्हिस मात्र रात्रीतून वेगळ्या सेटिंगवर चालायला लागते आणि ज्याला .आरपीएमसेव्ह शोधायचं माहीत नाही त्याच्यासाठी ते हरवल्यातच जमा. फाइलचा ढाचाच इतका बदलला की जुनी फाइल नव्या प्रोग्रॅमला वाचताच येत नाही, अशा वेळीच नुसतं %कॉन्फिग वापरायचा विचार करा, आणि तेव्हाही आधी पायरी २ कडे परत जाऊन बघा की जुनी फाइल वाचणं खरंच अशक्य आहे का.

बाकीच्यांचं थोडक्यात. आर्च लिनक्समध्ये पीकेजीबिल्ड फाइलमध्ये बॅकअप नावाची यादी असते, त्यात पाथ लिहायचे पण सुरुवातीचा स्लॅश न देता, हा स्लॅश चुकून राहतो आणि मग जपणूक होत नाही. तिथे नवीन फाइल .पॅकन्यू म्हणून येते. फ्रीबीएसडीमध्ये पद्धत वेगळी आणि मला आवडणारी, पॅकेजमध्ये पहारा.कॉन्फ.सॅम्पल अशी नमुना फाइल असते, यादीत तिच्यापुढे @सॅम्पल लिहायचं, खरी फाइल नसेल तरच नमुन्याची कॉपी बनते आणि काढताना खरी फाइल नमुन्यासारखीच असेल तरच ती जाते. विंडोजवर इनो सेटअप हे इन्स्टॉलर बनवायचं टूल वापरत असाल तर फाइलच्या ओळीला ओन्लीइफडझन्टएक्झिस्ट हा फ्लॅग द्या, म्हणजे असलेल्या फाइलवर लिहिलं जाणार नाही, आणि अनइन्स्टॉलनंतरही ठेवायची असेल तर सोबत अनइन्सनेव्हरअनइन्स्टॉल. तिथे कॉन्फिग प्रोग्रॅम फाइल्स मध्ये ठेवू नका, साध्या युजरला तिथे लिहायची परवानगी नसते, सगळ्या मशीनसाठी असेल तर प्रोग्रॅमडेटा मध्ये ठेवा.

एफपीएम किंवा एनएफपीएम सारखं टूल वापरून एकाच वेळी डेब आणि आरपीएम दोन्ही बांधत असाल तर त्यातही कॉन्फिग फाइल वेगळी सांगायची सोय आहे, एनएफपीएममध्ये त्या फाइलचा टाइप कॉन्फिग|नोरिप्लेस असा द्यायचा. टूलवर विसंबून राहू नका, बांधून झालेलं पॅकेज उघडून नोंद खरंच गेलीय का बघा.

पायरी ४: विनाकारण प्रश्न विचारायची वेळ आणू नका

नोंद झाली म्हणजे जिंकलो असं नाही. ॲडमिनला दर अपग्रेडला तो प्रश्न येत राहिला तर तो वैतागून न वाचता एंटर मारायला लागतो, आणि ज्या दिवशी खरंच महत्त्वाचा बदल असतो त्या दिवशीही तो एंटरच मारतो.

म्हणून डिफॉल्ट फाइल जितकी कमी बदलेल तितकं बरं. हॅश हा फक्त अक्षरं बघतो, अर्थ नाही. फाइलच्या डोक्यावर "व्हर्जन १.२, अमुक तारखेला तयार" अशी ओळ असेल तर दर रिलीजला हॅश बदलणार आणि ज्याने ज्याने फाइलला हात लावलाय त्या प्रत्येकाला प्रश्न जाणार, एका निरुपयोगी कमेंटसाठी. मी एकदा कमेंटमधलं शुद्धलेखन सुधारलं होतं, चांगल्या मनाने, आणि त्याचा सुद्धा हाच परिणाम झाला. लांबलचक कमेंट आणि समजावणी मॅन पेजमध्ये टाका नाहीतर /यूएसआर/शेअर/डॉक खाली पूर्ण नमुना फाइल ठेवा, आणि /इटीसी मधली फाइल छोटी ठेवा. बिल्ड करताना स्क्रिप्टने फाइल तयार होत असेल तर कीचा क्रम दर वेळी तोच येतो का, ओळीच्या शेवटी विंडोजवाले कॅरेज रिटर्न घुसत नाहीत ना, हे पण बघा.

जे लोक अपग्रेड आपोआप चालवतात त्यांच्यासाठी एक महत्त्वाचं, डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॲक्टिव्ह ठेवलं की सगळे प्रश्न बंद होतात असा समज आहे तो चूक आहे. त्याने फक्त डेबकॉन्फचे, म्हणजे इन्स्टॉल करताना सेटिंग विचारणाऱ्या डेबियनच्या सोयीचे, प्रश्न थांबतात, कॉन्फफाइलचा प्रश्न डीपीकेजी स्वतः विचारतो आणि समोर कोणी नसेल तर तिथेच एरर देऊन अपग्रेड अर्धवट राहतं. त्यासाठी फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड हे दोन्ही ऑप्शन सोबत द्यायचे, म्हणजे डीपीकेजीने स्वतः ठरवता येईल तिथे ठरवावं आणि नाही तिथे जुनी फाइल ठेवावी. तुमच्या पॅकेजच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ही एक ओळ लिहून ठेवलीत तर कोणाचा तरी अर्धा दिवस वाचेल.

पायरी ५: मूळ फाइलला हात लावायची गरजच पडू देऊ नका

सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच, मला वेळ असेल तर मी आधी हे करतो आणि बाकीचं नंतर. कल्पना साधी आहे, पॅकेजचे डिफॉल्ट /यूएसआर/लिब किंवा /यूएसआर/शेअर खाली ठेवायचे, ते दर अपग्रेडला खुशाल बदलू देत, आणि युजरने आपले बदल /इटीसी खाली वेगळ्या छोट्या फाइलमध्ये लिहायचे. दोघांच्या फाइल्सच वेगळ्या, मग भांडण कशावरून होणार.

सिस्टीमडीने, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमने, हे व्यवस्थित बसवलंय. पॅकेजची युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी) /यूएसआर/लिब/सिस्टीमडी/सिस्टीम मध्ये असते, ॲडमिन सिस्टीमसीटीएल एडिट पहारा अशी कमांड देतो आणि /इटीसी/सिस्टीमडी/सिस्टीम/पहारा.सर्व्हिस.डी या फोल्डरमध्ये फक्त बदललेल्या ओळींची फाइल तयार होते. काय काय बदललंय ते सिस्टीमडी-डेल्टा दाखवतं. म्हणून युनिट फाइल पॅकेजमधून थेट /इटीसी मध्ये कधीच टाकू नका.

आपल्या प्रोग्रॅमसाठी असंच करायचं तर /इटीसी/पहारा/कॉन्फ.डी असा फोल्डर ठरवा आणि त्यातल्या फाइल्स नावाच्या क्रमाने वाचा, १०-, ५०-, ९०- असे आकडे पुढे लावायची पद्धत लोकांना माहीत आहे. दोन गोष्टी मात्र नीट ठरवा.

पहिली, एकच की दोन ठिकाणी आली तर कोण जिंकणार. सिस्टीमडी आणि बऱ्याच प्रोग्रॅममध्ये नंतर वाचलेली व्हॅल्यू लागू होते. पण ओपनएसएसएचच्या (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या प्रोग्रॅमच्या) सर्व्हरमध्ये पहिली सापडलेली व्हॅल्यू धरली जाते, त्याला इन्क्लूडची (दुसऱ्या फाइल्स आत ओढून वाचायची) सोय २०२० मध्ये ८.२ व्हर्जनला आली, आणि म्हणूनच डेबियनच्या एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये ती इन्क्लूडची ओळ वरच्या बाजूला असते. ती खाली असती तर युजरच्या छोट्या फाइलला काही अर्थच उरला नसता. तुमचा नियम कुठला ते फाइलमध्येच एका ओळीत लिहा. आणि यादीसारखी की असेल, जसे मेलचे पत्ते, तर नवीन फाइलने जुन्या यादीत भर घालायची की ती पुसायची हेही ठरवा, सिस्टीमडीमध्ये रिकामी व्हॅल्यू दिली की आधीची यादी पुसली जाते.

दुसरी गोष्ट, कॉन्फ.डी मधल्या सगळ्या फाइल्स सरसकट वाचू नका, फक्त *.कॉन्फ वाचा. कारण उद्या त्याच फोल्डरमध्ये ५०-मेल.कॉन्फ.डीपीकेजी-डिस्ट किंवा ५०-मेल.कॉन्फ.आरपीएमसेव्ह येऊन बसेल, आणि प्रोग्रॅमने तीही वाचली तर ज्या सेटिंगला युजरने नाही म्हटलं तीच मागच्या दाराने लागू होईल. शोधायला अतिशय अवघड बग आहे हा. जुन्या लॉग फाइल्स आवरणाऱ्या लॉगरोटेटमध्ये अशा एक्सटेन्शनची वर्ज्य यादीच आहे, आणि सुडोच्या (रूटचे अधिकार देणाऱ्या कमांडच्या) सुडोअर्स.डी फोल्डरमध्ये नावात टिंब असलेली फाइल वाचलीच जात नाही.

पायरी ६: इन्स्टॉलच्या वेळी तयार होणाऱ्या फाइल्स

काही व्हॅल्यू पॅकेजमध्ये आधीपासून देताच येत नाहीत, होस्टचं नाव, डेटाबेसचा पासवर्ड, एन्क्रिप्शनची गुप्त की. पासवर्ड किंवा की पॅकेजमध्ये कधीही टाकू नका, "नंतर बदलतील" म्हणून सुद्धा नाही, कारण मग ते पॅकेज बसवणाऱ्या प्रत्येक मशीनवर तीच की असते आणि बरेच जण ती बदलत नाहीत. ती पोस्टइन्स्ट स्क्रिप्टमध्ये (फाइल्स बसल्यावर पॅकेज मॅनेजर चालवतो ती) किंवा सर्व्हिस पहिल्यांदा उठताना तयार करा, आधीपासून असेल तर तिला हात लावू नका, आणि परवानगी ०६४०, मालक रूट, ग्रुप सर्व्हिसचा, अशी ठेवा. आधी उघड्या परवानगीने फाइल लिहून मग चमोडने परवानगी बदलू नका, मधल्या क्षणात कोणीही वाचू शकतं, आधी यूमास्क (नव्या फाइलची परवानगी आधीच मर्यादित करणारी सेटिंग) लावा आणि मग लिहा.

इथे डेबियनचा एक नियम कडक आहे, जी फाइल कॉन्फफाइल म्हणून नोंदलीय तिच्यात पोस्टइन्स्ट किंवा पॅकेजसोबत येणाऱ्या कुठल्याही मेंटेनर स्क्रिप्टने बदल करायचा नाही, स्वतःच्या पॅकेजची असली तरी. का, तर तीन हॅशची गोष्ट आठवा. स्क्रिप्टने होस्टचं नाव लिहिलं की डिस्कवरचा हॅश बदलला, आणि ज्या पुढच्या अपग्रेडला तुमची डिफॉल्ट बदलेल तेव्हा ज्या माणसाने ती फाइल कधी उघडली पण नाही त्याला विचारलं जातं की तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने ही फाइल बदललीय, काय करू. तो बिचारा काय उत्तर देणार. एक तर फाइल जशीच्या तशी पॅकेजमधून जाते, नाहीतर पूर्णपणे स्क्रिप्टच्या ताब्यात असते, अर्धं अर्धं नाही.

स्क्रिप्टच्या ताब्यात द्यायची असेल तर डेबियनमध्ये यूसीएफ नावाचं टूल आहे. नवीन फाइल /यूएसआर/शेअर खाली ठेवायची आणि पोस्टइन्स्टमधून यूसीएफला सांगायचं की ही त्या जागी बसव. तो स्वतःची हॅशची नोंद ठेवतो आणि युजरचे बदल असतील तर विचारतो, तीन फाइल्स जुळवून मर्ज करायचा पर्यायही त्यात आहे. एसएसएच सर्व्हर आणि ग्रबच्या (मशीन सुरू करणाऱ्या बूट लोडरच्या) कॉन्फिग फाइल्स डेबियनमध्ये याच वाटेने जातात. डेबकॉन्फ वापरून प्रश्न विचारत असाल तर त्यातली उत्तरं हीच खरी असं धरू नका, युजरने मध्ये थेट फाइलमध्ये बदल केलेला असू शकतो, म्हणून प्रश्न विचारायच्या आधी फाइल वाचा आणि तिच्यातली व्हॅल्यू घ्या.

पायरी ७: फाइलचं नाव बदललं किंवा फाइलच नको झाली

कॉन्फफाइल पॅकेजमधून काढून टाकली म्हणजे ती मशीनवरून जात नाही, डीपीकेजी ती तशीच सोडतो. कॉन्फ.डी मधली जुनी फाइल अशी मागे राहिली तर प्रोग्रॅम ती वर्षानुवर्षं वाचत राहील. त्यासाठी डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्पर आहे, स्क्रिप्टमध्ये हाताने काही लिहायला जाऊ नका. डेबहेल्पर असेल तर सोर्समधल्या डेबियन (छोटी अक्षरं) फोल्डरमध्ये पहारा.मेंटस्क्रिप्ट या फाइलमध्ये एक ओळ:

आरएम_कॉन्फफाइल /इटीसी/पहारा/जुनी.कॉन्फ १.४-१~

म्हणजे १.४-१ च्या आधीच्या व्हर्जनवरून येणाऱ्यांची ती फाइल काढ. युजरने बदलली नसेल तर ती जाते, बदलली असेल तर .डीपीकेजी-बाक नावाने बाजूला राहते. नाव बदलायचं असेल तर एमव्ही_कॉन्फफाइल, त्यात जुना आणि नवा दोन्ही पाथ द्यायचे. व्हर्जनच्या शेवटचं ते ~ चिन्ह विसरू नका, त्याने बॅकपोर्ट केलेली (जुन्या डेबियनसाठी परत बांधलेली) व्हर्जनसुद्धा बरोबर मोजली जातात. आणि या ओळी एका रिलीजनंतर लगेच काढू नका, काही लोक दोन-तीन व्हर्जन गाळून थेट उडी मारतात.

पायरी ८: अनइन्स्टॉल

डेबियनमध्ये रिमूव्ह आणि पर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिमूव्हला कॉन्फिग राहते, पर्जला जाते. कॉन्फफाइल्स डीपीकेजी स्वतः काढतो, स्क्रिप्टने बनवलेल्या फाइल्स मात्र तुम्हाला पोस्टआरएममध्ये (पॅकेज काढल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) पर्जच्या वेळी काढाव्या लागतात. आरपीएममध्ये पर्ज नाही, युजरने बदललेली कॉन्फिग .आरपीएमसेव्ह बनून राहते आणि न बदललेली जाते.

आरपीएमवाल्यांनी इथे खूप जपून राहायचं. अपग्रेड होताना नवीन पॅकेजची पोस्ट स्क्रिप्ट (बसवल्यावर चालणारी) आधी चालते आणि जुन्याची पोस्टअन (काढल्यावर चालणारी) नंतर. म्हणजे पोस्टअनमध्ये कोणी साधं "/इटीसी/पहारा फोल्डर उडव" असं लिहिलं तर ते अपग्रेडलाही चालणार, नवीन फाइल्स बसून झाल्यावर, आणि नव्यासकट सगळं साफ. स्क्रिप्टला मिळणारा पहिला आर्ग्युमेंट तपासा, पोस्टअनमध्ये तो ० असेल तरच खरं अनइन्स्टॉल आहे, १ असेल तर अपग्रेड. डेबियनच्या पोस्टआरएमलाही अपग्रेड, रिमूव्ह, पर्ज असे शब्द मिळतात, तेही तसेच तपासायचे.

पायरी ९: रिलीजच्या आधी हे सगळं स्वतः करून बघा

आधी तपासणीची टूल्स चालवा. लिंटियन डेब पॅकेज बघून सांगतो की /इटीसी मधली फाइल कॉन्फफाइल म्हणून नोंदलेली नाही, माझी चूक त्याने एका सेकंदात पकडली असती. आरपीएमलिंट तसंच सांगतो, नोरिप्लेस नसेल तर तेही. पायूपार्ट्स हे टूल डेब पॅकेज स्वच्छ वातावरणात बसवून, अपग्रेड करून, पर्ज करून मागे काय उरलं ते दाखवतं.

पण टूलवर न थांबता एका रिकाम्या कंटेनरमध्ये (मशीनच्या आतल्या वेगळ्या, कोऱ्या लिनक्समध्ये) जुनं व्हर्जन टाका आणि हाताने हे करा. फाइलला हात न लावता अपग्रेड, नवीन डिफॉल्ट आली पाहिजे आणि एकही प्रश्न नको. मग परत जुनं व्हर्जन, मर्यादा ९० ची ८० करा, अपग्रेड, ८० राहिली पाहिजे आणि नवीन फाइल शेजारी दिसली पाहिजे. मग फाइल डिलीट करून अपग्रेड, सर्व्हिस उठली पाहिजे, इथे पायरी २ ची परीक्षा होते. मग कॉन्फ.डी मध्ये एक खोटी .आरपीएमसेव्ह फाइल टाकून सर्व्हिस रीस्टार्ट, तिची व्हॅल्यू लागू व्हायला नको. मग रिमूव्ह करून परत इन्स्टॉल, ८० अजून तिथेच असली पाहिजे. शेवटी पर्ज, आणि /इटीसी/पहारा शिल्लक नसला पाहिजे.

युजरकडे काय बदललंय ते बघायचं असेल तर आरपीएममध्ये आरपीएम -व्ही (कॅपिटल व्ही) पहारा, ज्या ओळीत ५ दिसतो आणि पुढे सी असतो ती बदललेली कॉन्फिग. डेबियनमध्ये डेबसम्स -सीई तेच काम करतं. बग रिपोर्ट आला की मी सगळ्यात आधी याच कमांडचा आउटपुट मागतो, "मी काही बदललं नाही" असं सांगणाऱ्याच्या मशीनवरसुद्धा बऱ्याचदा एखादी फाइल बदललेली निघते, दुसऱ्या कोणीतरी कधीतरी बदललेली.